वेलीला फुलं उदंड, मग फळ का धरत नाही?

भगिनींनो, पावसाच्या तोंडाला लावलेली वेल श्रावणापर्यंत मांडवभर पसरते. पेण असो की रोहा, परसदारी हातभर जागा असली तरी दुधी, पडवळ, काकडी, लाल भोपळा यांतलं काही ना काही आपण लावतोच. फुलंही उदंड येतात. पण बोटाएवढा कोवळा दुधी पिवळा पडतो नि गळून जातो. मग कुणी मातीला दोष देतं, कुणी दृष्ट लागली म्हणतं!

आधी गळलेलं फळ चिरून पाहा. आत अळी दिसली तर ते फळमाशीचं काम. अळी नसेल आणि खतपाणीही नीट असेल, तर बहुतेक वेळा फुलाकडे वेळेवर पाहुणा आलेला नसतो.

या वेलींवर नर फुलं वेगळी नि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या देठाशी इवलंसं फळ असतं, ते लगेच ओळखू येतं. सुरुवातीची फुलं बहुधा नराचीच असतात, ती गळली तर घाबरू नका. मात्र नर फुलातले पराग मादी फुलापर्यंत पोहोचले नाहीत, तर तिचं फळ वाढत नाही. हे पराग चिकट, वाऱ्यानं उडत नाहीत. ते नेतात मधमाश्या, भुंगे नि पतंग. आणि त्यांना बोलावण्यासाठी फुलानं लावलेली पाटी म्हणजे त्याचा रंग.

मधमाशीला रंग कळतात का, हा प्रश्न कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानं १९१४ च्या सुमारास अगदी घरगुती वाटेल अशा युक्तीनं सोडवला. करड्या रंगाच्या कितीतरी छटांचे कागद मांडले, त्यांत एकच निळा. निळ्यावर साखरपाणी ठेवून माश्यांना सवय लावली. मग साखर काढून घेतली, तरी माश्या नेमक्या निळ्यावरच आल्या! लाल कागदावर मात्र त्यांची फसगत झाली. लाल आणि काळपट यांतला फरक त्यांना कळेना. मधमाश्यांवरच्या कामासाठी फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणजे आपण गणपतीला वाहतो ती लालभडक जास्वंद मधमाशीला काही तशी लाल दिसत नाही. तिच्याकडे चोच खुपसायला येतो तो शिंजीर पक्षी. उलट, आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश मधमाशीला दिसतो. सूर्यफुलाच्या पाकळ्या आपल्याला सरसकट पिवळ्या वाटतात. तिला मात्र मध्याभोवती गडद वर्तुळ दिसतं. जणू मधाची वाट दाखवणारी रांगोळीच!

आता आपल्या मांडवाकडे वळू. काकडी, कारलं, लाल भोपळा यांची फुलं पिवळी नि सकाळी उमलणारी. ही मधमाश्यांची. दुधी नि पडवळ यांची फुलं पांढरी, संध्याकाळी उमलणारी. अंधारात उठून दिसतो तो पांढरा रंगच, म्हणून त्यांच्याकडे निशाचर पतंग येतात. शिराळ्याचं, म्हणजे दोडक्याचं, फूल पिवळं असूनही संध्याकाळी उमलतं, हे तेवढं लक्षात ठेवा. दारातली मधुमालती तर वेळेप्रमाणे रंग बदलते! संध्याकाळी पांढरी उमलते ती पतंगांसाठी. मग गुलाबी, पुढे लाल होते, तेव्हा दिवसाचे पाहुणे येतात.

हे ध्यानात आलं की उपाय सोपे आहेत.

पावसाची झड लागली की मधमाश्या पोळ्याबाहेर पडत नाहीत. अशा दिवसांत त्यांचं काम आपणच करायचं. ताजं नर फूल खुडा, पाकळ्या काढा आणि आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. काकडी-भोपळ्याला हे सकाळी नऊच्या आत करा, दुधीला दिवेलागणीला. पाच मिनिटांचं काम, पण हमखास गुण येतो.

फुलं उमललेली असताना औषध फवारू नका. किडीबरोबर पाहुणेही मरतात, मग फळ धरणार कसं? मूठभर वेलींवरची कीड हातानं वेचता येते. फळमाशीसाठी धरलेल्या फळाला कागदाची पिशवी बांधावी.

मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते. म्हणून एकाच भाजीच्या दोन-तीन वेली जवळजवळ लावा. आणि तुळशीच्या सगळ्याच मंजिऱ्या खुडू नका बरं! तुळस वाढावी म्हणून आपण त्या काढतो, पण थोड्या राहू द्या. मधमाश्यांना त्या फार प्रिय. तिथे यायची सवय लागली की शेजारच्या मांडवावरही त्या जातील.

राहता राहिलं घराजवळचं पोळं. आग्या मोहोळ असेल तर मुलांना दूर ठेवा नि जाणकाराला बोलवा. धूर-जाळ स्वतः करायला जाऊ नका. पण भिंतीच्या भोकात किंवा झाडाच्या ढोलीत सातेरीच्या माश्या असतील नि कुणाच्या वाटेत येत नसतील, तर त्यांना खुशाल नांदू द्या. तुमच्या काकडी-भोपळ्याचं निम्मं काम त्यांच्याच हाती आहे.