विश्लेषण : मनोविकारांची जनुकीय विदा वाटून का घ्यावी?

स्किझोफ्रेनियामागे एकच जनुक नसतो. असंख्य सूक्ष्म जनुकीय बदलांचा त्यात थोडाथोडा वाटा असतो. ते शोधणे एकट्या प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून २००७ मध्ये स्थापन झालेल्या ‘सायकिअ‍ॅट्रिक जिनॉमिक्स कन्सॉर्शियम’ने अनेक देशांतील विदा एकत्र केली. २०१४ मध्ये सुमारे ३७ हजार रुग्णांच्या विदेतून या आजाराशी निगडित १०८ जागा जनुकसंचात सापडल्या. २०२२ मध्ये सुमारे ७७ हजार रुग्णांमुळे २८७. मात्र यातील बहुसंख्य युरोपीय वंशाचे. त्यावरून बांधलेले जोखमीचे अंदाज भारतीयांना तितकेसे लागू पडत नाहीत. त्यामुळे आपली विदाही या साठ्यात हवी. पण नाव पुसले तरी जनुकसंचावरून रुग्णाची, नातलगांचीही ओळख पटू शकते. आणि आपल्याकडे वेडाचा शिक्का लग्न-नोकरीपर्यंत पिच्छा पुरवतो. तेव्हा ही विदा ना सर्वांना खुली असावी, ना कपाटबंद. रुग्णाची संमती आणि मागणाऱ्या संशोधकाची पडताळणी, या दोन अटींवरच ती वाटली जावी.