जोडलेल्या तारांची किंमत

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. ही गोष्ट अभिमानाचीच आहे. घाटापलीकडून येणाऱ्या विजेवर जवळजवळ सर्वस्वी विसंबलेल्या गोमंतकाला तर तिचे मोल अधिकच. परंतु जाळे जितके घट्ट विणावे, तितका त्यातील एखाद्या शॉर्टसर्किटचा तडाखा मोठा होतो, कारण चोहो दिशांची वीज त्या एकाच बिंदूकडे धाव घेते. उद्‌घाटनाच्या भाषणांत हे अंग सहसा येत नाही.

असा प्रवाह तोडण्याचे काम सर्किट ब्रेकरचे. पण ४० हजार अँपिअरच्या क्षमतेचा ब्रेकर ५० हजारांपुढे उभा केला, तर तो स्वतःच फुटण्याचे भय. शिवाय प्रवाह तुटेपर्यंत ४० ते ६० मिलिसेकंद जातात आणि सर्वांत घातक असा पहिला लोट १० मिलिसेकंदांच्या आसपासच येऊन जातो. प्रवाह दुप्पट झाला की रोहित्रांच्या वेटोळ्यांवरील ताण चौपट होतो. यावर रूढ उपाय दोन. वाटेत रिअ‍ॅक्टरची गुंडाळी घालावी, तर ती बिघाड नसतानाही व्होल्टेज खाली ओढते. उपकेंद्रातील बसबार विभागावा, तर एवढ्या खटाटोपाने जे जोडले तेच आपल्या हाताने तोडावे लागते!

अतिसंवाहक प्रवाह-मर्यादकाचे महत्त्व येथे आहे. पाऱ्याचा विद्युत-रोध अतिशीत तापमानाला नाहीसा होतो, हे कामरलिंग ओनेस यांना लायडन येथे १९११ साली आढळले. १९८७ च्या सुमारास द्रवरूप नायट्रोजनच्या, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसच्या, थंडीत हाच गुण दाखविणारे पदार्थ सापडले आणि तो व्यवहाराच्या आवाक्यात आला. अशा पट्टीतून नेहमीचा प्रवाह विनाअडथळा वाहतो. मर्यादा ओलांडताच ती काही मिलिसेकंदांत आपला गुण सोडते आणि स्वतःच अडसर बनते. कोणी कळ दाबावी लागत नाही. जर्मनीतील एसेन शहरात २०१४ साली सुमारे एक किलोमीटरच्या अतिसंवाहक केबलसोबत असा मर्यादक बसविला गेला. मॉस्कोच्या म्‍नेव्‍निकी उपकेंद्रात २०१९ साली तो २२० किलोव्होल्टच्या वाहिनीवर आला.

पट्टी महाग आहे, शीतयंत्रणा अहोरात्र चालवावी लागते आणि एकदा तापलेली पट्टी पुन्हा थंड होण्यास अवधी लागतो, हे आम्ही जाणतो. गोव्यातच हे यंत्र बसवा, असा हट्टही आमचा नाही. येथे पहिल्या पावसात वीज जाते ती बहुधा तारेवर पडलेल्या फांदीमुळे. तिला अतिसंवाहक नव्हे, कोयता लागतो. परंतु ज्या महानगरी उपकेंद्रांत ब्रेकरची मर्यादा गाठली गेली आहे, तेथे सारे ब्रेकर बदलण्याचा खर्च आणि एका मर्यादकाचा खर्च केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने शेजारी शेजारी मांडावा. निदान एका ठिकाणी तो प्रत्यक्ष बसवून पाहावा आणि शीतयंत्रणेच्या विजेसह त्याचा हिशेब जनतेपुढे ठेवावा.