पैलू पाडणारे आणि पारखणारे

आपल्या कॉलेजात वेलकम फंक्शनला येणारा प्रत्येक प्रमुख पाहुणा एक वाक्य हमखास टाकतो : "तुम्ही सगळे हिरे आहात, फक्त पैलू पाडायचे बाकी आहेत!" आपण टाळ्या वाजवतो. पण मित्रांनो, पैलू म्हणजे नक्की काय, ते किती असतात आणि चुकले तर काय होतं, हे कधी कुणी सांगितलंय? मलाही माहीत नव्हतं. कळलं ते आमच्या दादाच्या साखरपुड्याच्या अंगठीमुळे.

दादा चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर, डायल गेज आणि सीएमएम. वीस मायक्रॉन इकडचे तिकडे झाले तर हा माणूस पार्ट बाजूला काढून लाल टॅग लावतो. तोच दादा तीन महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे घेऊन दुकानात गेला आणि दुकानदाराच्या "साहेब, पूर्ण अर्धा कॅरट आहे!" या एका वाक्यावर अंगठी घेऊन आला. सर्टिफिकेट पाकिटातच राहिलं.

ते मी सहज उघडून पाहिलं. मापं होती ४.८५ – ५.०५ × ३.३० मिमी आणि सिमेट्रीपुढे लिहिलं होतं 'फेअर'. मी म्हटलं, "दादा, ही पहिली दोन मापं व्यासाची आहेत रे. कमीत कमी आणि जास्तीत जास्त." तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "पाच मिलिमीटरच्या पिनला पॉइंट दोनची ओव्हॅलिटी? आमच्याकडे अख्खा लॉट परत गेला असता."

तर सांगायचा मुद्दा असा की, मोजमापावर पोट भरणारी आपल्या पट्ट्यातली माणसं हिरा मात्र वजनावर घेतात. माझ्या मते हे साफ चूक आहे.

आधी थोडी थिअरी (घाबरू नका, व्हायवा नाही). गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू असतात. वर ३३ आणि खाली २४. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२, म्हणजे क्रिटिकल अँगल साधारण साडेचोवीस अंश. वरून आत गेलेला प्रकाश खालच्या पैलूंवर दोनदा आपटून पुन्हा वर, आपल्या डोळ्यांकडे यायला हवा. हे गणित १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की या हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या इंजिनिअरने मांडलं. त्याचा निष्कर्ष : वरचा उतार ३४.५ अंश, खालचा ४०.७५ अंश. खालची बाजू फार उथळ किंवा फार खोल झाली की प्रकाश बुडातून किंवा बाजूने निसटतो आणि हिरा मधोमध काळपट किंवा निस्तेज दिसतो.

सिमेट्री म्हणजे हे कोन सगळीकडे सारखे असणं, वरचा सपाट टेबल मध्यावर असणं, खालचं टोक त्याच्या बरोबर खाली येणं आणि वरचे पैलू खालच्या पैलूंशी जुळणं. यात गडबड झाली की एक बाजू लखलखते आणि दुसरी झोपते. आपण मटेरियल लॅबमध्ये व्हिकर्स टेस्ट करतो, तिथल्या इंडेंटरचं टोकही हिऱ्याचंच असतं. समोरासमोरच्या बाजूंमध्ये १३६ अंशांचा कोन असलेला चौकोनी पिरॅमिड. ठशाचे दोन कर्ण बरेच वेगळे आले की सर लगेच विचारतात, "सॅम्पल तिरकं ठेवलंस की इंडेंटर गेला?" लॅबमधल्या हिऱ्याला आपण हा प्रश्न विचारतो, बोटातल्या हिऱ्याला विचारत नाही!

मग असे वेडेवाकडे हिरे घडवतातच कशाला? कारण सोपं आहे. भाव कॅरटवर ठरतो आणि अर्धा, एक अशा आकड्यांना तो एकदम उडी मारतो. कच्च्या खड्यातून प्रमाणात हिरा काढायचा तर वजन जास्त जातं. मग कारागिराला खालची बाजू जाड ठेवायला सांगतात. दादाच्या हिऱ्याची उंची व्यासाच्या जवळजवळ ६७ टक्के होती. चांगल्या गोल हिऱ्यात ती साठ-बासष्टच्या आसपास असते. म्हणजे त्याने पैसे मोजले ते अंगठीच्या कोंदणात लपलेल्या वजनाचे.

हा वजनाचा मोह जुना आहे. नाशिक फाट्यावरून आपण रोज चाकणकडे वळतो. तोच रस्ता पुढे नाशिकला जातो आणि तिथून त्र्यंबकेश्वर जवळच. त्या देवस्थानचा सुमारे ९० कॅरटचा हिरा जगात 'नासक डायमंड' म्हणून ओळखला जातो. पेशवाई बुडाली त्या युद्धात तो इंग्रजांच्या हाती लागला आणि १८१८ मध्ये लंडनच्या जवाहिऱ्यांकडे गेला. तिथे त्याला पुन्हा पैलू पाडले. पुढे १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने तो पॅरिसमध्ये विकत घेतला, पुन्हा घडवला, आणि उरला फक्त ४३.३८ कॅरट. निम्म्याहून जास्त वजन गेलं! देवाचा हिरा परत आला नाही याची खंत आहेच. पण ज्याचा धंदाच हिऱ्यांचा, त्याने वजनाचा मोह सोडला. आपण मात्र पाव रतीला चिकटून बसतो.

आता दुसरी बाजू. कुणी म्हणेल, सिमेट्री 'एक्सलंट' असली की झालं. तसंही नाही. मेट्रॉलॉजीत आपण प्रिसिजन आणि ॲक्युरसी यातला फरक शिकतो ना, तोच इथे लागतो. सगळे कोन सारखे, पण सगळेच चुकलेले, असा हिराही सिमेट्रीत पास होतो. तो सर्व बाजूंनी सारखाच मंद! म्हणून आधी कोन आणि उंची, मग सिमेट्री. 'एक्सलंट' आणि 'व्हेरी गुड' यातला फरक तर नुसत्या डोळ्याला सहसा दिसतही नाही, त्यासाठी उगाच जादा पैसे देऊ नयेत. पण 'फेअर'च्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक गैरसमज. अंगठीवर हॉलमार्क आहे म्हणजे सगळं तपासलं, असं घरची मंडळी समजतात. तो शिक्का सोन्याच्या शुद्धतेचा असतो. २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, पण हिऱ्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. हिऱ्याचं सर्टिफिकेट आपणच मागायचं, आपणच वाचायचं. आणि दुकानातल्या स्पॉटलाइटखाली काचही चमकते, तेव्हा खडा दाराशी सावलीत नेऊन बघायचा. दुकानदार रागावला तर रागावू दे.

दादाने शेवटी अंगठी बदलून घेतली. घट कापून महिन्याभराचा ओव्हरटाइम पाण्यात गेला. नवा हिरा ०.४२ कॅरटचा, व्यास ४.८३ मिमी. वजन सोळा टक्के कमी, पण रुंदीत फरक फक्त पॉइंट बाराचा! वहिनींना आजही वाटतं की नवा खडा मोठा आहे. त्यांना आम्ही खरं काय ते सांगितलेलं नाही. हा अंक त्यांच्या हाती पडला तर दादाचं काही खरं नाही.

असो. पुढच्या वेळी प्रमुख पाहुणे पैलूंबद्दल बोलले की टाळ्या जरूर वाजवा. पण कॅम्पसमधून नोकरी लागेल, पगार होईल, घरच्यांसाठी काहीतरी घ्यायला दुकानात जाल, तेव्हा तिथे गिऱ्हाईक म्हणून जाण्याआधी इन्स्पेक्टर म्हणून जा. चार वर्षं व्हर्निअर हातात धरलाय, तो काय फक्त सबमिशनपुरता?