तीन क्रियापदे एका रांगेत

गेल्या रविवारी बोईसरच्या आमच्या अभ्यासवर्गात एका मुलाने नोकरीचा इंग्रजी अर्ज दाखवला. वडील तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार, पोरगा घरातला पहिला पदवीधर. अर्जात लिहिले होते, ‘आय कॅन टाईप, कीपिंग अकाउंट्स अँड टू ऑपरेट अ कॉम्प्युटर.’ कामे तिन्ही येतात, पण क्रियापदांची तीन सोंगे! ‘कॅन’ एकदा लिहिले की त्यामागची सगळी क्रियापदे साधी: टाईप, कीप, ऑपरेट. ‘मला पोहता येते, सायकल चालवणे आणि स्वयंपाक करायला’ असे कुणी बोलले तर घरातली आजीसुद्धा हसेल. तोच कान इंग्रजीला लावायचा. बँकेच्या क्लार्क परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून ‘अँड’ दिसला की थांबा. त्याच्या उजवीकडचे रूप पाहा, डावीकडे तसेच आहे का ते तपासा.

पुढे पोराने ‘आय गेव्ह द एक्झाम’ लिहिले होते. मराठीत आपण परीक्षा देतो. पुस्तकी इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. आम्ही तरी कुठले शहाणे? बी.कॉम. होऊनही ‘डिस्कस्ड अबाऊट’ लिहीत होतो. एका साहेबांनी भर ऑफिसात ते मोठ्याने वाचले. ‘डिस्कस’पुढे ‘अबाऊट’ नको, हे त्या दिवशी कळले. मान मात्र आठवडाभर खाली होती.

या विषयाचा उत्तम नमुना गाईडात नाही, संविधानाच्या उद्देशिकेत आहे. 26 नोव्हेंबर 1949 ची तारीख असलेले ते सबंध एकच वाक्य. निर्धार कशाचा? ‘टू कॉन्स्टिट्यूट’, ‘टू सिक्युअर’, ‘टू प्रमोट’. तिन्ही एका रांगेत. शेवटी पुन्हा ‘अडॉप्ट’, ‘इनॅक्ट’ आणि ‘गिव्ह’. आणि क्रियापदाची निवड पाहा. न्याय, स्वातंत्र्य, समता यांना ‘सिक्युअर’. बंधुतेला तेवढे ‘प्रमोट’. पहिली तीन कायद्याने मिळवून देता येतात, बंधुता हुकमाने येत नाही, ती वाढवावी लागते, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो. मराठीतही तिथे ‘प्रवर्धित’ हा वेगळा शब्द आहे. आम्ही ते वाक्य फळ्यावर लिहून प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायला लावली. पोराने मग आपला अर्ज खोडून पुन्हा लिहिला आणि सोमवारी पोस्टात टाकला.

पालघरच्या मुलामुलींनीही यावे, लोकलने दोनच स्टेशने आहेत. अर्ज कच्चा, पेनाने लिहिलेला असला तरी चालेल.