ब्रीदर मोकळा सोडू नका. डबा बसवा, पण डब्याला औषध समजू नका



पिकअपच्या टर्बोच्या होजमध्ये ऑइल दिसलं की आपल्याकडं एकच सल्ला मिळतो: "ब्रीदरचा पाइप काढा अन् खाली मोकळा सोडून द्या." दुसरीकडं व्हिडिओवाले दोन-तीन हजारांचा चकचकीत डबा गळ्यात मारतात. माझं भांडण दोघांशीही आहे.

आधी ऑइल येतं कुठून ते बघा. इंजिन नवं असलं तरी पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा दाब खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. हा गरम वायू ऑइलची वाफ आणि बारीक तुषार घेऊन ब्रीदरमधून बाहेर पडतो. टर्बोच्या गाडीत कंपनी तो पाइप एअर फिल्टरच्या पुढं, टर्बोच्या तोंडाशी जोडते. मग तेच ऑइल इंटरकूलरमध्ये साचतं, रबरी होज मऊ करतं, आणि ईजीआर असेल तर त्याच्या काजळीत मिसळून मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर धरतं. गाडी ओढत नाही, धूर मारते.

आता पाइप मोकळा सोडला तर काय होतं? तेच ऑइल रेडिएटर, बेल्ट आणि आल्टरनेटरवर उडतं. आपल्या रस्त्यांची धूळ त्यावर चिकटते. रेडिएटरच्या जाळीत लेप बसला की भर उन्हात माल घेऊन घाट चढताना काटा लाल रेघेवर जातो. शिवाय गाडी उभी राहील तिथं ठिबकतं, मग ते खळं असो, पॅकिंगची शेड असो की विहिरीचा काठ. कृषीवाल्या मित्रांना वेगळं सांगायला नको, ऑइल पडलेल्या मातीत पाणी नीट मुरत नाही आणि तिथं धड काही उगवत नाही.

कुणी म्हणेल, जुन्या ट्रॅक्टरचं ब्रीदर उघडंच असायचं, काय बिघडलं? अहो, तो पाइप कंपनीने विचार करून रेडिएटरपासून लांब, खाली वळवून दिलेला असायचा. मिस्त्रीनं तारेनं बांधलेला पाइप म्हणजे ते नव्हे. आणि त्या ट्रॅक्टरखालीही काळा डाग असायचाच.

म्हणून डबा हवा. माझा मी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. चार इंची लोखंडी पाइपचा नऊ इंचाचा तुकडा, खाली बूड वेल्ड केलेलं, वर बोल्टचं झाकण आणि ऑइलला टिकणारं पॅकिंग. आत येणारी नळी निम्म्यापर्यंत खाली, बाहेर जाणारी थेट झाकणातून. मधे छिद्रं पाडलेल्या दोन चकत्या आणि त्यांच्यात भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची घासणी. वायू त्या गुंत्यातून वळत जातो, थेंब तारांना चिकटून खाली गळतात. बुडाला कॉक. व्हिडिओतला डबा कापून बघितला तर आत रिकामा. रिकाम्या डब्यात वायू एका नळीतून येतो अन् दुसरीतून जातो, ऑइल फारसं थांबत नाही. त्या चकाकीचे पैसे कशाला द्यायचे?

पण जुगाड म्हणून कसंही चालत नाही. या गोष्टी पाळाच:

१) होजचा आतला व्यास मूळ पाइपएवढाच ठेवा. बारीक नळी लावली किंवा कुठं बूच मारलं, तर दाब आत कोंडतो. क्रँकचं सील गळतं, गेजची पट्टी वर उडते, टर्बोचं ऑइल खाली परत यायला अडतं आणि टर्बोच ऑइल ओकायला लागतो.

२) पाण्याची किंवा कूलरची नळी वापरू नका. ऑइलनं फुगते, उन्हानं चपटी होते. ऑइलचीच होज घ्या.

३) साधा लोखंडी काथ्या नको. गंजून त्याचे तुकडे टर्बोत जातात. वेल्डिंगची खरपुडीही आतून घासून, धुऊन काढा.

४) होजला मधे झोळ नको. तिथं पाणी-ऑइल साचून वाट बंद होते. डबा सायलेन्सरच्या पाइपपासून लांब बसवा.

५) वेळेवर रिकामा करा. भरलेल्या डब्यातलं ऑइल टर्बोनं एकदम ओढलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं. चावी काढली तरी बंद होत नाही. हा गमतीचा विषय नाही.

बीएस-६ गाडीला, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांना, हा उद्योग करू नका. वॉरंटी जाईल आणि सेन्सर बोंबलतील. हे जुन्या गाड्यांसाठी आहे.

आता मुख्य मुद्दा. डबा ऑइल पकडतो, रिंगा नव्या करत नाही. माझ्या गाडीत हजार किलोमीटरला अर्धा कप ऑइल निघतं. दर वेळी तेवढंच निघालं तर मी निवांत असतो. उद्या तेच दोन कप झालं तर इंजिन दुखतंय असं समजायचं. डबा म्हणजे थर्मामीटर. थर्मामीटर लावून ताप उतरत नाही. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करून उलटं ठेवा. ते थडथडून उडायला लागलं तर डब्याचा विचार सोडा, कॉम्प्रेशन तपासून घ्या. आणि रिंगा झिजवते ती धूळ. ऊसतोडीच्या हंगामात फाटका एअर फिल्टर फुंकून परत बसवणाऱ्यानं डब्यावर खर्च करणं म्हणजे बांध फुटलेला ठेवून मोटर चालू करणं. जुनी गाडी घेताना नवाकोरा डबा दिसला, तर मालकाला आधी विचारा, किती दिवसांत किती निघतं?

डब्यातलं ऑइल परत इंजिनात ओतू नका. त्यात पाणी आणि आम्ल असतं, म्हणून तर ते कधी चहासारखं फेसाळ दिसतं. वाळवीसाठी बांधावर, झाडाच्या बुंध्यालाही नको. कॅनमध्ये साठवा आणि जळकं ऑइल रीतसर गोळा करणाऱ्याला द्या.

ज्यांच्या जुन्या पिकअपला ब्रीदरचा पाइप आज खाली लोंबतोय, त्यांनी रविवारी बॉनेट उघडून रेडिएटरवर बोट फिरवून बघा. बोटाला काय लागतं, त्यावरून ठरवा.