‘अर्धा टक्का’ म्हणजे नेमके कोण?

३१ जुलै २०२४ रोजी बातमी आली की सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला रॅन्समवेअर हल्ल्याचा फटका बसला आहे. स्टेट बँक आणि टीसीएस यांची ही भागीदारीतली कंपनी. लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचे संगणकीय काम ती बघते. हल्ला पसरू नये म्हणून एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून बाजूला काढले. सुमारे ३०० बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली. त्यावेळी बातम्यांत एक दिलासाही होता: देशातल्या एकूण पेमेंटपैकी जेमतेम अर्धा टक्काच बाधित.

माझा वाद या अर्ध्या टक्क्याशी आहे.

आपल्या पोरांचा समज असा की कंपनी मोठी असली की सायबर कायद्यात ती ‘क्रिटिकल’ ठरते. तसे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ७० कंपनीकडे बघतच नाही, तिच्या संगणक यंत्रणेकडे बघते. ती यंत्रणा बंद पडली किंवा नष्ट झाली तर राष्ट्रीय सुरक्षा, अर्थव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य किंवा सुरक्षितता खिळखिळी होईल का, हा निकष. मालक सरकारी की खासगी, याला महत्त्व नाही. पण व्याख्येत बसणे आणि घोषित होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारने राजपत्रात अधिसूचना काढली की मगच ती ‘संरक्षित यंत्रणा’ होते, आणि तिच्यात विनापरवाना शिरणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आधारचा मध्यवर्ती साठा २०१५ मध्ये घोषित झाला. जून २०२२ मध्ये आयसीआयसीआय बँक, एचडीएफसी बँक आणि एनपीसीआय यांच्या यंत्रणा घोषित झाल्या.

अर्थव्यवस्था खिळखिळी होणे कशाने मोजायचे, हे कलम सांगत नाही. रुपयांच्या उलाढालीने मोजले तर मोठी बँक आपोआप वर जाते आणि ग्रामीण बँक अर्ध्या टक्क्यात जाते. त्या अर्ध्या टक्क्यात कोण असते? संजय गांधी निराधार योजनेचे पैसे घेणारी म्हातारी, रोजगार हमीचा मजूर, शिष्यवृत्तीची वाट पाहणारी पोरगी. शहरातल्या नोकरदाराचे एक ॲप बंद पडले तर तो दुसऱ्या बँकेचे उघडतो. मंडणगड-लांज्याच्या एखाद्या वाडीत दुसरे खातेच नसते. ज्याला पर्याय नाही त्याचे नुकसान रकमेवरून कसे ठरवणार?

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये कळीचे उद्योग, आणि पुढे जे तसे घोषित होतील तेही, राज्याच्या मालकीचे व राज्यानेच चालवावेत अशी मांडणी केली. म्हणजे ‘हे कळीचे आहे’ असे जाहीर करण्यामागे हेतू होता, खासगी मालकाच्या हातात माणसांचे जगणे जाऊ नये हा. आज खासगी बँकेची यंत्रणा घोषित होते, तिला कायद्याचे कवच मिळते, मालकी जिथल्या तिथे राहते. २०१८ च्या नियमांनी सुरक्षा समिती, सुरक्षा अधिकारी, ऑडिट हे सगळे आले, पण उत्तर द्यायचे ते एनसीआयआयपीसीला. ही संस्था एनटीआरओच्या अखत्यारीत आहे, आणि एनटीआरओ माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असेल तरच तिथे माहिती मागता येते. खातेदार या चित्रात कुठेच नाही.

यावर हमखास उत्तर येते की सगळेच महत्त्वाचे ठरवले तर काहीच महत्त्वाचे उरणार नाही. मान्य आहे. प्रत्येक पतपेढीला कलम ७० लावा असे मी म्हणत नाही, आणि दहा वर्षांच्या शिक्षेचे कलम वाढवत नेण्याची हौस तर अजिबात नाही; ती कोणावर उलटते हे आपल्याला ठाऊक आहे. पण शेकडो लहान बँका एकाच कंपनीवर टेकलेल्या असतील, तर निकषात ‘किती रुपये’ याच्या शेजारी ‘किती माणसे आणि त्यांना दुसरा मार्ग आहे का’ हा रकाना हवाच.

आणि सगळे दिल्लीवर ढकलू नका. राज्यसूचीतल्या विषयांत अधिसूचना काढण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्यसूचीत येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले तेव्हा कित्येक दिवस कागदावर काम चालले. खासगी दवाखाना परवडत नाही तोच तिथल्या रांगेत असतो. आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या यंत्रणांबाबत महाराष्ट्राने हा अधिकार वापरला का, आणि ठरवताना निकष कोणता लावला, हे आपल्या आमदाराला लेखी विचारा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.