घरची बाग : सदाफुली

ज्या झाडाला फारसें जपावें लागत नाहीं त्याची घरांत फारशी किंमतहि राहत नाहीं, हा अनुभव नवा नव्हे. गुलाबाला खत, मोगऱ्याला पाणी, जाईजुईला मांडव. आणि फरशीच्या भेगेंत आपोआप उगवून बारा महिने देवाला फुलें पुरविणारी सदाफुली मात्र कोणाच्या खिजगणतींत नसते. वास्तविक कमी पाण्यांत आणि भर उन्हांत वर्षभर जांभळीं फुलें देणारें एकच झाड निवडावयाचें झाल्यास पहिला मान तिलाच द्यावा लागेल. मात्र तिचा स्वभाव नीट ओळखला पाहिजे. सदाफुली हेळसांडीनें क्वचितच मरते. ती मरते ती बहुधा लाडानें.

ती मूळची आपल्याकडची नव्हे. आफ्रिकेच्या पूर्वेस असलेलें मादागास्कर बेट हें तिचें माहेर. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानें १७५९ सालीं तिला ‘व्हिंका रोझिया’ असें नांव दिलें. आजचें शास्त्रीय नांव ‘कॅथरँथस रोझियस’. कण्हेर, तगर, चाफा, करवंद हीं सारीं तिच्याच कुळांतलीं. तिचें पान तकतकीत व कडू असतें, त्यामुळें शेळीसुद्धां सहसा तिच्या वाटेस जात नाहीं.

आपल्या परसांत पिढ्यान् पिढ्या दिसणारी जात जांभळट गुलाबी फुलांची. तिच्या जोडीला पांढरी, आणि पांढऱ्यांत लाल डोळा असलेली. गडद जांभळ्या रंगाच्या संकरित जातीहि आतां रोपवाटिकांत मिळतात. निरनिराळ्या रंगांचीं झाडें शेजारीं असलीं, तर बियांपासून आईचाच रंग येईल असा भरंवसा नसतो. ज्यांस जांभळाच रंग राखावयाचा असेल त्यांनीं बोटभर लांबीचे कोंवळे शेंडे कापून ओलसर वाळूंत लावावे. मुळें फुटलीं म्हणजे कुंडींत हलवावे.

बी लावणें असल्यास शेंगा पिवळ्या पडूं लागतांच काढून घ्याव्या. उशीर केल्यास त्या उकलून काळ्या बारीक बिया विखुरतात. या बियांस रुजण्यास ऊब व अंधार लागतो, म्हणून कडाक्याच्या थंडींत पेरूं नये. बियांवर मातीचा पातळ थर पसरावा व अंकुर दिसेपर्यंत वर गोणपाट झांकावें. साधारण एक-दोन आठवड्यांत रोपें दिसूं लागतात; दिसतांच गोणपाट काढावें. रोपें चार-सहा पानांचीं झालीं कीं हातभर अंतरावर लावावीं. पेरल्यापासून सुमारें तीन महिन्यांत फूल येतें.

जागा अशी निवडावी कीं, रोज निदान पांच-सहा तास उघडें ऊन मिळेल. सावलींत झाड लांबट होतें आणि फुलें तुरळक येतात. देशावरच्या काळ्या जमिनींत पाणी धरून राहतें, म्हणून तेथें वीतभर उंच वाफा करून मातींत मुरूम व जाड वाळू मिसळावी. कोंकणांतील जांभ्या मातींतून पाण्याचा निचरा चांगला होतो, पण पाऊस अतोनात. तेथें झाड पागोळ्यांखालीं लावूं नये. समुद्रकांठच्या रेताड जागेंतहि ती चांगली वाढते. कुंडीसाठीं दोन भाग माती, एक भाग जाड वाळू व एक भाग जुनें कुजलेलें शेणखत पुरे. खताचा मारा केल्यास पाला माजतो व फूल मागें पडतें.

पाण्याविषयीं अधिक सांगणें अवश्य आहे. जमिनींत मूळ धरलेल्या झाडास उन्हाळ्यांतहि आठवड्यांतून एकदां-दोनदां पाणी पुरतें. कुंडींतल्या झाडास बोटाच्या एका पेराइतकी माती कोरडी झाल्याखेरीज पाणी घालूं नये. दुपारीं पानें किंचित् मलूल दिसलीं म्हणून लगेच तांब्या घेऊन धांवूं नये. संध्याकाळीं तीं सावरतात कीं नाहीं हें आधीं पाहावें. सततच्या ओलीनें बुरशी येते, बुंधा काळा पडतो, आणि हिरवें झाड चार दिवसांत माना टाकतें. तें कोमेजलेलें पाहून घरांतील मंडळी आणखी पाणी घालतात व त्याचा शेवट जवळ आणतात! भाज्या-तांदूळ धुतलेलें पाणी तिला पुरेसें होतें. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, ही गोष्ट ज्यांच्या स्मरणांत आहे त्यांस या गुणाचें मोल निराळें सांगावयास नको.

पावसाळा सरतांच एकतृतीयांश उंचीपर्यंत शेंडे छाटावे; नव्या फांद्यांवर फुलें दाट येतात. दोन-तीन वर्षांनीं खोड लांकडासारखें होऊन फुलें विरळ होतात, तेव्हां नवीन रोप तयार ठेवावें. पानें अगदीं बारीक होऊन गुच्छासारखीं दिसूं लागलीं, किंवा फुलांच्या जागीं हिरव्या पाकळ्या आल्या, तर तो तुडतुड्यांनीं पसरणारा पर्णगुच्छ रोग समजावा. त्यावर उपाय नाहीं. झाड उपटून दूर टाकावें, म्हणजे शेजारचीं वांचतील.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सदाफुलीचीं पानें सकाळीं चावून खाल्लीं असतां मधुमेह बरा होतो, असें घरोघरीं सांगितलें जातें. जमैका बेटांतहि असाच समज होता. तेथून आलेलीं पानें १९५२ सालीं कॅनडांतील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या हातीं पडलीं. त्यांच्या प्रयोगशाळेंत पाल्याचा अर्क उंदरांस टोंचून पाहतां रक्तांतील साखरेपेक्षां पांढऱ्या पेशींवरच त्याचा प्रभाव दिसला. त्या झपाट्यानें घटल्या. त्यावरून नोबल व चार्ल्स बिअर यांनीं १९५८ सालीं व्हिन्ब्लास्टिन हें द्रव्य वेगळें काढलें. पुढें याच झाडांतून व्हिन्क्रिस्टिन मिळालें. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर तें आजहि दिलें जातें. शेंकडों किलो वाळल्या पाल्यांतून जेमतेम कांहीं ग्रॅम औषध निघतें, आणि वैद्यकांत तें रुग्णाचें वजन व रक्त तपासून, अत्यंत काटेकोर मापानें देतात. कारण मात्रा चुकल्यास मज्जातंतू व अस्थिमज्जा यांस इजा होते.

घरच्या चार पानांत कोणतें द्रव्य किती आहे, हें कोणाला मोजतां येईल? कर्करोगाच्या रुग्णानें हीं पानें खाऊन औषधाची आशा धरणें व्यर्थ. मधुमेह्यानें डॉक्टरांच्या गोळ्यांच्या जोडीला तीं खाणें धोक्याचें. आणि गर्भवतीनें तर तीं कदापि तोंडांत घालूं नयेत. वडीलधाऱ्या मंडळींस हें सांगणें नाजुक असतें, तरी सांगावें. मुलें फुलांशीं खेळलीं तर हात धुवावयास लावावे.

तेव्हां एखादी उन्हाची, इतर झाडें तगत नाहींत अशी जागा शोधून येत्या हंगामांत दोन रोपें लावावीं. पूजेची परडी भरेल, अंगणाला रंग येईल, पाण्याचा हंडा वांचेल. तिचीं फुलें देवापुढें शोभतात. तिचीं पानें मात्र झाडावरच राहूं द्यावीं.